वापरकर्त्याची चूक

४ ऑगस्ट, सोमवार

आज डोकं असं फिरलंय की कुणाशी बोलायची सोय नाही. आईला सांगावं तर ती एकच म्हणणार, "नोकरी सांभाळ माय." म्हणून ही वही काढली.

नवे एमडी साहेब, विजयसिंह, सकाळी आल्या आल्या माझ्या टेबलापाशी येऊन उभे. जुलैत आमच्या दूध संघाच्या जनावर-मदत फोनवर एकशे बेचाळीस फोन आले, असं फोनचं मशीन सांगतं. पोर्टलवर नोंदी एकसष्ट. "बाकीचे एक्याऐंशी फोन गेले कुठं मॅडम? मांजरसुंब्याच्या घाटात उतरले का?"

फोन घेतात नाथाकाका. माझ्या समोरचंच टेबल. छप्पन्न वर्षांचा माणूस, निम्मं आयुष्य या संघात गेलं. आणि पोर्टल, म्हणजे संघाच्या आतल्या आत चालणारी वेबसाइट, ती बांधली मी. एकच पान. वर फोनची नोंद करायचा फॉर्म, खाली लिंकची यादी: डॉक्टरांची ड्युटी, औषधांचा साठा, परिपत्रकं, अहवाल. आता काका काय करतात? अर्धा फॉर्म भरतात, आज डॉक्टर कोण हे बघायला ड्युटीची लिंक दाबतात, ड्युटीचं पान फॉर्मच्याच जागी उघडतं, आणि नाव वाचून झालं की कोपऱ्यातली फुल्ली दाबून मोकळे! सगळंच बंद. फॉर्म गेला. दोन वर्षं घसा कोरडा करून सांगतेय, काका, फुल्ली नको, वरचा मागं जायचा बाण दाबा. "हो बाई, हो बाई." पुन्हा फुल्ली.

साहेबांना तासाभरात अहवाल पाहिजे होता. माझं कंत्राट तीस सप्टेंबरला संपतं, मुदतवाढीवर सही त्यांचीच. वाद कोण घालणार? 'कारण' या रकान्यात लिहिलं: वापरकर्त्याची चूक. पोर्टलमध्ये दोष नाही. खाली सही ठोकली, अहवालांच्या यादीत नेहमीसारखा चढवून दिला आणि जेवायला बसले. दहा मिनिटांचं काम.

५ ऑगस्ट, मंगळवार

काका सकाळी बराच वेळ स्क्रीनला नाक लावून काहीतरी वाचत होते. मग फुल्ली दाबली आणि मला विचारलं, "बाई, वापरकर्ता म्हंजी जो वापरतो त्योच नव्हं?"

"तोच की. दुसरा कोण असणार?"

"तसं न्हाई. खात्री केली."

काय वाचत होते देव जाणे. जरा वेळानं म्हणाले, "ह्या लिंका येगळ्या खिडकीत उघडत न्हाईत का? म्हंजी मी फुल्ली दाबली तर तेवढीच बंद व्हईल, माझा फॉर्म मागं राहील."

मी म्हटलं, "काका, असं करत नसतात. आम्हाला बीडच्या क्लासात शिकवलंय, ज्याला नवीन खिडकी पाहिजे तो स्वतः उघडून घेतो. आपण त्याच्या गळ्यात मारायची नाही."

"बरं," म्हणाले. पण फुल्लीच कावून दाबता, हे आज मी विचारलंच. तर म्हणे, ते नोकरीला लागले तेव्हाच्या मोठ्या बाबूंनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, काम झालं की फाईल मिटायची, फीत बांधायची, मग दुसरीला हात लावायचा. खुर्चीवरून उठताना टेबलावर कागद उघडा दिसला तर मोठे बाबू हजेरी लावू देत नसत. "उघड्या कागदावर कुनाचीबी नजर पडती बाई. त्यात कुनाचं तरी नाव असतं."

म्हणजे फाईलची सवय कॉम्प्युटरला! कपाळावर हात मारून घेतला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

काकांनी सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही, आज साहेबांनी तेच सांगितलं तेव्हा "हो सर" म्हटलं. त्यांना कुणीतरी दुसऱ्या संघात तसं दाखवलंय म्हणे. "लिंक दाबली की वेगळी विंडो. सोमवारपर्यंत करा."

मनात म्हटलं, सोमवार कशाला, पाच मिनिटांत होतंय. एक खूण करायची असणार. दुपारी तीनपासून सहापर्यंत ती खूण शोधतेय. यादीत लिंकचा रंग बदलता येतो, क्रम बदलता येतो, शेजारी चांदणी काढता येते. नवीन खिडकीत उघड, एवढं एक सांगता येत नाही! चांदण्या घेऊन काय करू? ओवाळू?

१२ ऑगस्ट, मंगळवार

ज्या सॉफ्टवेअरवर पोर्टल बांधलंय त्या कंपनीला पुण्याला फोन लावला. चौथ्यांदा संस्कृती मॅडम भेटल्या. गोड आवाज. "मॅम, यादीमध्ये ती सुविधा मुद्दामच दिलेली नाहीये."

"मुद्दाम? कावून?"

"मॅम?"

"का म्हणून, असं विचारतेय."

"ते वापरकर्त्याच्या सोयीसाठी आहे मॅम. तुमची तक्रार मी बंद करू का?"

करा. सगळे बंदच करायला बसलेत.

मग प्रत्येक लिंकच्या पोटात शिरून हातानं कोड लिहिला. एकोणचाळीस लिंका. सेव्ह केलं, पान पुन्हा उघडलं, तर सॉफ्टवेअरनं माझं लिहिलेलं सगळं पुसून टाकलेलं. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस! मी मोठ्यानं ओरडले असणार, कारण मंजुळाबाई चहाची किटली घेऊन धावत आल्या. त्या आमच्या शिपाई. संघातलं काहीही त्यांच्या कानातून सुटत नाही. "साप निगाला का वं?" म्हणाल्या. साप निघाला असता तर बरं झालं असतं, त्याला मारता तरी आलं असतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

जमलं! लिंकमध्ये काही लिहायचंच नाही. पानाच्या तळाशी छोटा कोड टाकायचा, पान उघडलं की तो एकेका लिंकला गाठून सांगतो, तू नवीन खिडकीत उघड. माझ्या मशीनवर झकास चाललं. साहेबांना निरोप पाठवला. काकांना म्हटलं, आता दाबा फुल्ली, किती दाबायची ती.

त्यांनी लिंक दाबली. त्याच खिडकीत उघडली. फुल्ली दाबली. सगळं बंद.

माझ्याकडं बघून म्हणाले, "माजंच कायतरी चुकलं असंल."

१८ ऑगस्ट, सोमवार

तोच कोड. माझ्याकडं चालतो, काकांकडं कधी चालतो कधी नाही. सकाळी चाललं, दुपारी बंद. मशीनला जीव असता तर थोबाडीत दिली असती. साहेबांचा माणूस दोनदा येऊन विचारून गेला. मी त्याच्यावर खेकसले, मग घाबरून हसले.

दुपारी डबा उघडला तर भाजी नासलेली. काकांनी न विचारता अर्धी भाकरी आणि कारळाची चटणी माझ्या झाकणात ठेवली. ते स्वतः संघात जेवतच नाहीत, एक वाजला की लुनावर तीन किलोमीटर घरी जातात. केसरबाई काकूंचं डावं अंग वाऱ्यानं गेलंय, चार वर्षं झाली. त्यांना भरवायचं, कुशीवर वळवायचं, आणि दोनच्या आत परत. ही भाकरी मग कुणासाठी आणतात? विचारलं तर म्हणाले, "एखांद्या दिवशी कुनाला लागती."

आज त्यांच्या खणात स्टेपलर शोधताना जाड वही दिसली. प्रत्येक फोन त्यात लिहिलेला. गाव, माणूस, जनावर, कोणत्या डॉक्टरला किती वाजता पाठवलं, जनावर वाचलं की नाही. जुलैचे मोजले, एकशे बेचाळीस. माझा तर संतापच झाला. एवढं सगळं हातानं लिहायला वेळ आहे, आणि कॉम्प्युटरमध्ये टाकायला होत नाही? त्यांना म्हटलंसुद्धा. म्हणाले, "पयलं वहीत लिवतो, मंग तुज्या फॉर्मात. फॉर्म गेला तर परत भरूस्तोवर दुसरा फोन येतो गं. त्याची म्हैस थोडीच थांबती."

डबल काम. कोण सांगणार यांना.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. सुट्टी, पण फोन चालू. बैल रंगवताना कुणाच्या बैलाच्या डोळ्यात वार्निश गेलं, कुणाच्या बैलानं पुरणपोळीची अख्खी परात संपवली. काका एकटेच येऊन बसले होते, असं मंजुळाबाई सांगत होत्या. मी घरी कोडच बघत बसले. आई म्हणाली, सणाला तरी कपाळाच्या आठ्या काढ.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज एक गोष्ट झाली. लिहू की नको असं होतंय, पण वही माझीच आहे.

काकांच्या मशीनवर कोड तपासताना मी खोटा फोन म्हणून अर्धा फॉर्म भरला. लिंक दाबली. ड्युटीचं पान त्याच खिडकीत उघडलं. मी सवयीनं वरचा मागं जायचा बाण दाबला. फॉर्मचं पान आलं.

रिकामं.

पुन्हा केलं. रिकामं. माझ्या मशीनवर केलं. तिथंही तेच. दोन वर्षं मी त्या माणसाला बाण दाबा, बाण दाबा म्हणून ओरडत होते, आणि बाण दाबूनही फॉर्म जातच होता! मी कधी भरलेल्या फॉर्मवर करून बघितलंच नव्हतं. नुसतं पान मागं येतं का, एवढंच बघितलं होतं.

काकांना माहीत होतं का? असणार. सुरुवातीला ते बाण दाबायचे, मग सोडलं. मला एकदा काहीतरी सांगायला आले होते, मी म्हटलं होतं, तुमच्याच हातून काहीतरी होत असेल.

जाऊ दे. नवीन खिडकीचं जमलं की प्रश्नच मिटला. हे आता कुणाला सांगत बसायची गरज नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

मंजुळाबाईंनी कानात सांगितलं, काकांची बदली निघतेय. कडा गावातल्या दूध थंड करायच्या केंद्रावर, टँकर मोजायला. ऐंशी-नव्वद किलोमीटर! सकाळी जाऊन दुपारी एकला घरी येणं सोडा, रात्री तरी पोचतील का? काकूंच्या तोंडात घास कोण घालणार? पोरगी पुण्याला, तिला स्वतःची लेकरं.

साहेबांचे कान कुणी भरले कुणास ठाऊक. लोकांना दुसऱ्याचं वाटोळं करायला काही वाटत नाही.

तडक केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, नवीन खिडकीचं होऊ द्या, मग बघा नोंदी किती येतात. साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "बुधवारी, तीन तारखेला दाखवा. माझ्यासमोर. चाललं तर बघू. मी कुणाच्या पोटावर पाय देत नाही मॅडम, मी कागद बघून निर्णय घेतो."

कसला कागद, ते मी विचारलं नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

चालत नाही. चालत नाही. चालत नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

आज घरी महालक्ष्म्या जेवल्या. सकाळपासून बाया येत होत्या. आईनं मला सांगितलं होतं, आलेल्या सगळ्या बायांना हळदीकुंकू लाव. मी घरात बसलेल्यांना लावून ताट ठेवून दिलं, तर मागून आणखी आठजणी आल्या आणि तशाच पंगतीला बसल्या. आई तडकली. "आगं, एकेकीच्या मागं काय पळतीस? दारातच बस की! जी येईल तिला लाव."

मी ताट घेऊन दारात बसले आणि बसल्या जागी उभी राहिले.

माझा कोड हेच करत होता! पान उघडलं की तो पळत जाऊन हजर असलेल्या लिंकांना सांगत होता. पण यादी मागून येते, सावकाश. माझं मशीन नवं, तिथं यादी आधी पोचते. काकांचं जुनं, तिथं कोड येऊन जातो आणि लिंका मागून येऊन तशाच बसतात. लिंकांच्या मागं पळायचंच नाही. दारात बसायचं, म्हणजे अख्ख्या पानावर लक्ष ठेवायचं. दाबलेली लिंक कधीही आलेली असो, तिला नवीन खिडकीत पाठवायचं.

सात ओळी लिहिल्या. संघात गणपतीसाठी बसलेल्या वॉचमनला फोन करून काकांच्या मशीनवर करून बघायला लावलं. "उगडली वो मॅडम, येगळी उगडली." मी आईला मिठी मारली. ती म्हणाली, हात आधी धू.

३ सप्टेंबर, बुधवार

हे आजच लिहिलं पाहिजे.

साडेबाराला साहेब आले, सोबत दोन संचालक. काकांच्या मागं उभे राहिले. मी म्हटलं, खोटा फोन करून दाखवू का? तेवढ्यात खराच वाजला. गेवराईकडून सटवा नावाचा गडी, म्हैस अडलेली. काकांनी स्पीकर लावला.

"पाय दिसत्यात का रं?" काका.

"दोन दिसत्यात, मुंडकं न्हाई! लई वरडाय लागली वो अण्णा!"

"वढू नको. कुनालाच वढू देऊ नको. धर, सांगतो."

गाव लिहिलं, नाव लिहिलं, म्हैस लिहिलं. ड्युटीची लिंक दाबली. वेगळी खिडकी उघडली. काकांनी नाव वाचलं, सटवाला डॉक्टर सांगितला, आणि हात फुल्लीवर गेला. दाबली. ड्युटीची खिडकी गेली, आणि मागं फॉर्म. गाव, नाव, म्हैस, सगळं जिथल्या तिथं! काकांनी उरलेलं भरलं, सेव्ह केलं, डॉक्टरला फोन लावला. एक संचालक "वा" म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली. "छान मॅडम. मशीनचं काम झालं." मग काकांकडं बघून, "पण झालेल्या चुकीचं काय? एक्याऐंशी नोंदी बुडाल्या. बदली होणारच आता, ऑर्डर टाईप झालीय."

मी म्हटलं, "सर, पण का?"

ते काही बोलायच्या आत काकांनी माऊस हातात घेतला. यादीत खाली गेले, सावकाश. अहवाल. चार ऑगस्ट. दाबलं. वेगळ्या खिडकीत, छान, मी बनवली होती तशीच, माझा अहवाल उघडला. कारण: वापरकर्त्याची चूक. पोर्टलमध्ये दोष नाही. खाली माझी सही.

काकांनी घड्याळ बघितलं. "एक वाजला साहेब. घरला जाऊन येतो." टोपी घातली आणि निघाले.

खिडकी उघडीच ठेवून.

दोन वर्षांत मी त्या माणसाला एक पान उघडं टाकून उठलेलं बघितलं नव्हतं. साहेब म्हणाले, "हाच तो कागद." संचालक वाकून वाचायला लागले. मला ती फुल्ली दाबायची होती. हात पुढं गेला नाही.

ते दोन शब्द लिहून खाली सही करायला मला त्या दिवशी दहाच मिनिटं लागली होती. लाज वाटते. चार ऑगस्टपासून आजपर्यंत ही वही चाळली, तर कान भरणारा कोण, हे पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी दुसरा अहवाल लिहिला. चार ऑगस्टचा अहवाल चुकीचा आहे. पोर्टलमध्ये दोष होता. कुठलीही लिंक उघडली की भरलेला फॉर्म जात असे, बाण दाबूनही परत येत नसे. हे पान मी बनवलं, भरलेल्या फॉर्मवर कधी तपासलं नाही. वापरकर्त्यानं दोष सांगायचा प्रयत्न केला, मी ऐकलं नाही. बुडालेल्या सगळ्या नोंदी त्यांच्या वहीत आहेत, सोबत प्रती जोडल्या आहेत.

साहेबांनी दोनदा वाचला. "मॅडम, महिनाअखेरीला तुमचं कंत्राट आहे. हे चढवलं तर संचालक मंडळासमोर मी तुमच्या मुदतवाढीचं बोलू कसा? विचार करा."

म्हटलं, "सर, मागच्या वेळी मी विचारच केला नव्हता." सही केली, यादीत सगळ्यात वर चढवला.

मग काकांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "काका, तुम्हाला पाच तारखेलाच कळलं होतं?"

"व्हय."

"मग महिनाभर बोलला का नाहीत? मला चार शिव्या तरी द्यायच्या!"

"म्हनलं, तूच बोलशील." त्यांनी चष्मा पुसला. "वाट बघितली. मग काल वाट बघायला टाईमच न्हवता राह्यला."

मी तिथंच रडले, सगळ्यांच्या देखत. मंजुळाबाईंनी उगीच इकडचं कपाट तिकडं पुसलं. काकांनी नवा अहवाल उघडला, बोट लावून सगळा वाचला, 'मी ऐकलं नाही' या ओळीवर जरा जास्त थांबले. मग फुल्ली दाबली. मागं यादी तशीच होती.

९ सप्टेंबर, मंगळवार

बदली रद्द. लेखी. काकांनी तो कागद मला दाखवला, घडी घातली, खिशात ठेवला.

माझं मुदतवाढीचं पत्र आलेलं नाही. येणार नाही असं मंजुळाबाई म्हणतात, आणि त्यांचं सहसा चुकत नाही. राग येतो, नाही असं नाही. साहेबांचा येतो, त्या संस्कृती मॅडमचा येतो, सगळ्यात जास्त माझाच येतो. आईला अजून सांगितलेलं नाही, उद्या सांगेन.

दुपारी एकला काका लुनाला किक मारत होते. निघताना आत डोकावून म्हणाले, "बाई, डब्यात चटनी जादा टाकली हाय. तीस तारखेपर्यंत तरी खा."